सगळे मोबाइलवर आहे म्हणे!

‘फादर, ही जुनी बाडे अजून कशाला सांभाळता? एकदा फोटो काढून घ्या आणि कपाट रिकामे करा. आता सगळे मोबाइलवर असते!’

हे उद्गार काढणारा तरुण सुशिक्षित आहे, सालस आहे, धर्मग्रामाच्या कोणत्याही कामाला हाक मारताच धावून येणारा आहे. म्हणूनच ते मनाला लागले. एखाद्या उडाणटप्पूने म्हटले असते, तर हसून सोडून दिले असते. परंतु हेच मत आज आपल्या शिकलेल्या घरांतून, पॅरिश कौन्सिलच्या बैठकांतून आणि, सांगायला संकोच वाटतो, काही धर्मगुरूंच्या तोंडूनही ऐकू येते. त्याचा प्रतिवाद कोणीतरी करायला हवा. तो करण्याआधी त्या तरुणाचे माझ्याकडे काय काम होते, ते सांगतो.

त्याच्या आजीची नव्वदी साजरी व्हायची होती. त्यानिमित्त त्याने घराण्याचा वंशवृक्ष तयार केला होता. सुबक छापून, चौकटीत बसवून आजीला द्यायचा होता. आजीच्या वडिलांच्या बाप्तिस्म्याची तारीख तेवढी पडताळून हवी होती. ती त्याला कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरणाऱ्या एका यादीतून मिळाली होती. काही वर्षांपूर्वी एका हौशी नातलगाने रजिस्टरातील नोंदींचे फोटो काढून संगणकावर ती यादी केली होती: नाव, बापाचे नाव, आईचे नाव, तारीख. साल १९०९.

मी रजिस्टर काढले. नोंद तंतोतंत होती. तरुण फोटो काढून निघालाही असता. परंतु नोंदीबरोबर समास पाहायचा, ही माझी जुनी खोड. समास कोरा होता. माणूस मोठा झाला, त्याचे लग्न झाले, त्याला मुले झाली, तर त्याच्या लग्नाची नोंद समासात असायला हवी. कोरा समास म्हणजे पुरावा असे मी म्हणत नाही, नोंद करायची राहूनही जाते. पण शंका आली. पाने उलटत गेलो. १९११ साली तेच आईबाप, तेच नाव, पुन्हा बाप्तिस्मा. आणि त्या नोंदीच्या समासात बारीक अक्षरात १९३२ सालच्या विवाहाची नोंद. मग मृत्यूचे पुस्तक उघडले. १९१० साली अकरा महिन्यांचे एक मूल. पहिला मुलगा गेला, म्हणून त्याचेच नाव धाकट्याला दिले होते. त्या काळी हा रिवाज घरोघरी होता.

यादी करणाऱ्याला दोन्ही नोंदी दिसल्या होत्या. त्याने दुसरी ‘दुबार’ समजून काढून टाकली होती.

तरुणाला मी म्हटले, आजीला विचार. आजी म्हणाली, ‘बाबा दर वर्षी दोन नोव्हेंबरला थोरल्यासाठी मिस्सा सांगायचे.’ हा थोरला कोण, ते घरात आजीखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते. तिला कधी कोणी विचारलेच नव्हते.

वाचकहो, या प्रसंगात खोटे कोणीही बोललेले नाही. यादीतली तारीख खरी होती, फोटो खरा होता. यादी नीटनेटकी करण्याच्या नादात एका बालकाचे आयुष्य आणि एका माणसाचे खरे वय तेवढे पुसले गेले. पानावरून ओळ उचलली की असे होते. आणि आजचे सगळे तंत्र आपल्याला ओळी उचलायला शिकवीत आहे. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती लहान नाही.

या नोंदवह्या आल्या कोठून, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली चोरून होणाऱ्या विवाहांना आळा घालण्यासाठी प्रत्येक धर्मग्रामाच्या गुरूवर विवाहांचे पुस्तक ठेवण्याचे बंधन घातले. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे लिहून ठेवण्याची आज्ञाही तेव्हाचीच. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने या पुस्तकांचे नमुने ठरवून दिले. १९०७ च्या आज्ञापत्राने विवाहाची नोंद बाप्तिस्म्याच्या पुस्तकातही करण्याची सक्ती केली. आजच्या, १९८३ च्या धर्मसंहितेचा ५३५ वा नियम तेच सांगतो: दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा, व्रतबंधन या सर्वांची खूण बाप्तिस्म्याच्या नोंदीपाशी परत यावी आणि जुनी पुस्तके काळजीपूर्वक जतन व्हावीत. म्हणजे बाप्तिस्म्याची नोंद ही एका दिवसाची नोंद राहत नाही. माणूस जगत जातो तसा समास भरत जातो. १९११ साली लिहिलेल्या ओळीशेजारी १९३२ साली दुसऱ्याच पाद्रीबाबांचे अक्षर येते. शाई वेगळी, टाक वेगळा, कधी भाषाही वेगळी. हे सगळे त्या यादीतल्या चार रकान्यांत कोठे बसणार?

आणि शेजारच्या ओळींचे काय? ज्या धर्मग्रामात १९१८ सालचे मृत्यूचे पुस्तक शाबूत असेल, तेथील तरुणांनी धर्मगुरूंच्या परवानगीने सप्टेंबर-ऑक्टोबरची पाने एकदा पाहावीत. इन्फ्लुएंझाची दुसरी, प्राणघातक लाट तेव्हा मुंबई इलाख्यावरून गेली. सबंध हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे त्या साथीत दगावली, असे अभ्यासक सांगतात. आपल्या पणजीचे नाव शोधणाऱ्याला पणजीची एक ओळ मिळेल. पान पाहणाऱ्याला तिच्या वर आणि खाली कोण होते ते दिसेल: त्याच घरातली, त्याच आळीतली, त्याच आठवड्यातली. पणजी कशाने गेली हे त्या ओळीत लिहिलेले नसले, तरी ते पान सांगते.

आता कोणी म्हणेल, फादर संगणकाचे वैरी दिसतात. तसे अजिबात नाही. लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय अभिलेखागारातील कागद आज आपल्या टेबलावर बसून पाहता येतात. आमच्या सेमिनरीच्या दिवसांत हे स्वप्नातही आले नसते. पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार जून २०२२ मध्ये व्हॅटिकनने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मदतीची याचना करणाऱ्या ज्यू बांधवांच्या अर्जांचे १७० खंड जगासमोर खुले केले. कोणाच्याही आजीआजोबांनी पोप पायस बारावे यांच्याकडे काय मागितले आणि त्यांना काय उत्तर मिळाले, हे त्यांच्या नातवंडांना आता घरबसल्या वाचता येते. याला मी पुण्यकर्मच म्हणेन. पण हे काम कसे झाले ते पाहा. अर्जांचे गठ्ठे जसे होते तसे, पानामागून पान ठेवले. कोणी ‘महत्त्वाचे’ तेवढे निवडून काढले नाही. आणि मूळ कागद अभिलेखागारातच आहेत.

आपल्याकडे मात्र शोधयंत्रात शब्द टाकायचा आणि पहिले उत्तर पदरात पाडून घ्यायचे, यालाच ‘संशोधन’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. आपल्याच वसईचे उदाहरण घ्या. मराठीत वसई, पोर्तुगीज कागदांत ‘बासैं’, इंग्रजी दप्तरांत ‘बसीन’. १७३९ नंतर काही काळ ‘बाजीपूर’ हेही नाव चालले. इंग्रजी नाव घालून पाहा: निम्मी उत्तरे ब्रह्मदेशातील त्याच नावाच्या शहराची आणि उरलेल्यांतली कित्येक समुद्रातल्या वायुक्षेत्राची! मराठी नाव घाला, तर पोर्तुगीज कागदांपैकी एकही हाती लागणार नाही. ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स पोर्तुगीज कागदांत ‘एस्तेव्हांव’ होतात. आपली गोन्साल्विस, डिसोजा ही आडनावे तर प्रत्येक पाद्रीबाबांनी आपापल्या कानाप्रमाणे लिहिली. यंत्राला विचारले की ते म्हणते, ‘काही सापडले नाही.’ ऐकणारा समजतो, ‘काही नव्हतेच.’ या दोन वाक्यांमधले अंतर ओळखणे हीच इतिहासाची पहिली इयत्ता.

गोव्याचा अभिलेखागार १५९५ साली स्थापन झाला. दियोगो दो कौतो हे त्याचे पहिले रक्षक. आपल्या काळात पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्या दप्तरांत आयुष्य घालविले आणि १९५५ साली तेथील कागदांची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. मार्गदर्शिका वाचणाऱ्याला दप्तरात काय आहे हे कळतेच, पण काय नाही, कोणत्या मालिकेतले खंड तुटलेले आहेत, हेही कळते. शोधयंत्राची रिकामी चौकट स्वतःचे अज्ञान कधीच कबूल करीत नाही.

शिवाय त्या चौकटीमागे आहे तरी काय? वसईविषयी शोधू गेल्यास हटकून हाती लागतात ते जर्सन द कुन्हा यांचे चौल आणि वसईवरचे १८७६ सालचे इंग्रजी पुस्तक आणि ठाणे जिल्ह्याचे १८८२ सालचे गॅझेटियर. दोन्ही ग्रंथ मोलाचे, डॉ. द कुन्हांच्या व्यासंगापुढे मी नतमस्तक आहे. पण हेच ग्रंथ पुढे का येतात? ते सर्वांत अचूक आहेत म्हणून नव्हे. त्यांच्यावरचा स्वामित्वहक्क संपला आहे, म्हणून ते फुकट चढवता येतात! आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे तो हक्क टिकतो. त्यामुळे नंतरच्या अभ्यासकांनी जे दुरुस्त केले ते पुष्कळदा कपाटात राहते, आणि गोऱ्या अधिकाऱ्यांनी आपल्या जातीजमातींविषयी मारलेले शेरे नव्या पिढीच्या हातात ताज्या माहितीसारखे येऊन पडतात. आपलीच मुले आज स्वतःविषयी बोलताना गॅझेटियरची भाषा बोलतात आणि त्यांना ते कळतही नाही. मराठी ग्रंथांची स्थिती आणखी बिकट. हजारो पुस्तके प्रतिमारूपाने चढवली गेली. परंतु कित्येकांची शीर्षके रोमन लिपीत अशी विद्रूप लिहिली आहेत की ग्रंथकर्त्यालाही आपला ग्रंथ सापडू नये. आणि ज्या कादोडीत, वाडवळीत आपल्या आज्यांनी आठवणी सांगितल्या, त्या बोलींचा तर यंत्राला पत्ताच नाही.

ही पोकळी कोण भरतो? संदेश पुढे ढकलणारे! आपल्या पूर्वजांविषयीचे दोन प्रकारचे मजकूर माझ्याकडे महिन्याआड येतात. एकात आपले सगळे पूर्वज एका दिवसात तलवारीच्या धाकाने बाटविलेले असतात. दुसऱ्यात ते सगळेच्या सगळे अस्सल उच्चकुलीन असतात. दोन्हीत साल नसते, कागद नसतो, कोणी पाहिले ते नसते. वसईत फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या संघांचे धर्मगुरू निरनिराळ्या वेळी आले, निरनिराळ्या जातींत त्यांनी काम केले, आणि त्यांत प्रलोभन होते, सक्ती होती, श्रद्धाही होती. एकट्या येशूसंघीयांची हिंदुस्थानातली सोळाव्या शतकातली पत्रे फादर योसेफ विकी यांनी १९४८ ते १९८८ या चाळीस वर्षांत अठरा जाडजूड खंडांत संपादित केली. पोर्तुगीज, स्पॅनिश, इटालियन आणि लॅटिन भाषांतील त्या गुंतागुंतीचा सारांश हात जोडलेल्या चित्राखालच्या सहा ओळींत मावत नाही.

वंशाभिमान दुखावला की माणसे चिडतात, हे मला ठाऊक आहे. हेही नवे नाही. संतचरित्रांची छाननी करणाऱ्या बोलांदिस्ट येशूसंघीयांनी १६४३ पासून आपले खंड काढायला आरंभ केला. त्यांतले फादर पापेब्रोक यांनी कार्मेलाइट संघाची स्थापना थेट एलिया संदेष्ट्याने केली या परंपरेला आधार सापडत नाही, असे लिहिले. केवढा गहजब झाला! १६९५ साली स्पेनच्या इन्क्विझिशनने ते खंड दोषी ठरविले. बंदी उठायला १७१५ साल उजाडले. ख्रिस्तसभेने आपल्याच माणसाला दिलेला हा त्रास मी लपवून ठेवणार नाही. पण त्याच ख्रिस्तसभेच्या पोटी ही कागद तपासण्याची विद्या वाढली, हेही विसरू नये. लोरेन्झो व्हाला या विद्वानाने १४४० साली कॉन्स्टंटाइनचे म्हणून मिरविले जाणारे दानपत्र बनावट असल्याचे दाखवून दिले. कशावरून? त्यात रोमच्या अधिकाऱ्यांसाठी ‘सत्रप’ हा शब्द आला होता, जो त्या दरबारी कोणी वापरलाच नसता. ज्या दानपत्रावर पोपांचे राजकीय हक्क सांगितले जात, तेच त्याने उलथले. आणि पुढे त्याच व्हालाला पोप निकोलस पाचवे यांनी आपल्या पदरी ठेवून घेतले. दोन शतकांनी माबियों या बेनेडिक्टाइन संन्याशाने १६८१ साली जुनी सनद खरी की खोटी हे शाई, लिपी, मुद्रा, भाषा यांवरून ओळखण्याचे शास्त्रच लिहिले. हा वारसा असलेल्या समाजाने ‘व्हॉट्सअॅपवर आले होते’ एवढ्या आधारावर भांडावे, याची मला लाज वाटते.

आता तर यंत्रे स्वतःच लिहू आणि चित्रे काढू लागली आहेत. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे पांढऱ्या फुगीर जाकिटातले छायाचित्र जगभर फिरले. ते कृत्रिम बुद्धिमत्तेने बनविलेले होते. आपल्यावरही असा प्रसंग आल्याचे त्यांनीच २०२४ च्या सामाजिक संपर्क दिनाच्या संदेशात नमूद केले. जाकिटाचे सोडा, त्याने कोणाचे नुकसान झाले नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या न्यायालयात एका वकिलाने असे निवाडे आधाराला दिले की जे कधी झालेच नव्हते. यंत्राने ते खटल्यांच्या नावांसकट रचून दिले होते आणि वकिलाने मूळ निवाडा उघडून पाहिला नव्हता. न्यायाधीशांनी दंड केला. वकिलाची चूक निदान पकडली गेली, कारण समोर निवाड्यांची खरी पुस्तके होती. उद्या आपल्या एखाद्या गावच्या ख्रिस्तमंदिराचा असाच रचलेला इतिहास आला आणि आपण आपली बाडे आधीच रद्दीत घातलेली असली, तर पडताळणार कशाशी?

‘फोटो काढला की कायमचे झाले’ हा दुसरा भ्रम. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत कंपनी सरकारच्या दप्तरांचा प्रचंड साठा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये संगणकीय दरोडेखोरांनी त्या संस्थेवर हल्ला केला आणि तिची ग्रंथसूची जानेवारी २०२४ पर्यंत बंद पडली. कागद मांडणीवर सुखरूप होते, पण त्यांच्यापर्यंत जाण्याची वाटच दिसेनाशी झाली. एवढ्या बलाढ्य संस्थेची ही गत, तर आपल्या पॅरिश कार्यालयातल्या एका संगणकाचा काय भरवसा? फ्लॉपीवर साठविलेल्या धर्मग्रामाच्या याद्या आज उघडून दाखवा, मी हार मानीन. १९११ चे रजिस्टर मात्र उघडायला अजून फक्त हात लागतात.

आणि सगळेच सर्वांसाठी खुले असावे का? समासात कोणाच्या दत्तकविधानाची, कोणाच्या विवाहाच्या अवैधतेची नोंद असते. अमेरिकेतील यूटा येथील वंशावळ संस्था जगभरच्या नोंदवह्यांच्या सूक्ष्मपटांचा संग्रह करते. २४ लाख रिळांचे संगणकीकरण तिने २०२१ मध्ये पुरे केले. मृतांसाठी नावाने बाप्तिस्मा देण्याची मॉर्मन पंथाची प्रथा या संग्रहामागे असल्यामुळे व्हॅटिकनने एप्रिल २००८ मध्ये बिशपांना पत्र पाठवून आपली पुस्तके तिच्या हवाली करू नयेत, असे सांगितले. धर्मग्रामाचे पुस्तक ही आपल्याकडे सोपविलेली ठेव आहे. ठेव कोणाच्या तरी गटावर टाकून मोकळे होता येत नाही.

हे सारे लिहिताना माझे स्वतःचे बोट माझ्याकडेही वळते. आम्ही धर्मगुरूंनी या पुस्तकांचे केले काय? दमट भिंतीला लागून कपाट ठेवले. वाळवीने एक बाजू खाल्ली, तेव्हा दुसऱ्या बाजूला चिकटपट्टी लावली. ती पिवळी पडून अक्षरेच घेऊन गेली. अभ्यासक आला तर संशयाने पाहिले, दाखला मागणाऱ्याला तासभर ताटकळत ठेवले. मग लोक मोबाइलकडे वळले, तर त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला कितपत? त्या तरुणाने ‘कपाट रिकामे करा’ म्हटले, त्याला कपाटाची ती अवस्था दिसत होती, हेही खरे.

तेव्हा आता आम्ही दोघांनी मिळून एक ठरविले आहे. तो फोटो काढणार आहे. पण पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत, कोरी पाने आणि समास यांसह, आणि कोणी केव्हा काढला याची चिठ्ठी प्रत्येक संचाला जोडून. एक प्रत धर्मप्रांताच्या अभिलेखागाराकडे जाईल, कोणत्याही गटावर जाणार नाही. मूळ पुस्तके लोखंडी कपाटात, भिंतीपासून हातभर दूर. ‘दुबार’ वाटणारी एकही नोंद गाळायची नाही, हे त्याने माझ्याआधी सांगितले. आजीच्या चौकटीतला वंशवृक्षही त्याने नव्याने छापून घेतला. थोरल्याची फांदी आता त्यात आहे.

नोव्हेंबर महिन्यातील प्रत्येक रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर धर्मग्राम कार्यालयात मोठे टेबल मांडलेले असेल. घरातले जुने फोटो, पत्रे, लग्नाच्या पत्रिका, बोटीवरून आलेली पाकिटे घेऊन या, आणि त्यांतली माणसे ओळखणारे म्हातारे माणूस बरोबर आणा. फोटोच्या पाठीमागे नावे लिहायची आहेत. पेन्सिल मऊ लागते. मी आणून ठेवल्या आहेत. बॉलपेन मात्र घरीच ठेवा, त्याची शाई पलीकडे उमटते.